थोड्याचे अनेक शब्द : कँटोनीज बोलीतील अंदाजाची भाषा

मित्रहो,

हाँगकाँग बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्थ पॉइंट नावाचा भाग आहे. तेथील छुन येउंग रस्त्यावर रोज भाजीबाजार भरतो आणि त्याच रस्त्याच्या मधोमध ट्रामचे रूळ आहेत. ट्रामची घंटा वाजली की माणसे हातातल्या पिशव्या आवरून दोन्ही बाजूंच्या गाळ्यांकडे सरकतात, ट्राम हळूहळू पुढे जाते आणि रस्ता पुन्हा भरून जातो. या बाजारात मी पहिल्यांदा एकटीने भाजी घेतली, तेव्हा विक्रेत्या बाईंनी पालेभाजीची जुडी तराजूत ठेवली, काट्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘पुन कन सुंग ती, तक म् तक आ?’’

‘पुन’ म्हणजे अर्धा आणि ‘कन’ म्हणजे तेथील वजनाचे माप, ज्याला इंग्रजी कारभारात कॅटी म्हणत आले आहेत. ‘तक म् तक आ’ म्हणजे चालेल का. हे मला कळत होते. अडले ते ‘सुंग ती’पाशी. ‘सुंग’चा अर्थ सैल, ढिला, ‘ती’चा अर्थ थोडे. अर्ध्या कॅटीची गाठ जराशी सैल झाली आहे, चालेल का, असे त्या विचारत होत्या. आपल्या मंडईतला भाजीवाला ‘‘अर्ध्या किलोच्या जरा वर गेलंय, राहू दे का?’’ म्हणतो, तोच हा प्रश्न. पण ‘सैल’ हा शब्द ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की या भाषेत ‘साधारण’ म्हणण्याच्या प्रत्येक तऱ्हेला एक दिशा आहे. सांगितलेल्या आकड्याच्या वर सरकायचे, खाली राहायचे, की दोन्हीकडे थोडी मोकळीक ठेवायची, हे बोलणारा आधी ठरवतो आणि त्याप्रमाणे शब्द उचलतो. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करते. कँटोनीज ही चिनी कुळातली दक्षिणेकडची भाषा. ग्वांगचौ शहर, त्याचा आसमंत, हाँगकाँग आणि मकाव हे तिचे घर. हाँगकाँगच्या 2021च्या जनगणनेत सुमारे 88 टक्के लोकांनी हीच आपली रोजची भाषा असल्याचे नोंदवले. दुसरी गोष्ट उच्चाराची. रोमन लिपीत या भाषेतले कित्येक शब्द डी, जी, बी या अक्षरांनी लिहिले जातात, पण मराठी कानाला ते त, क, प असेच ऐकू येतात, कारण महाप्राण आणि अल्पप्राण यांतला जो भेद आपण ‘त’ आणि ‘थ’मध्ये करतो, तोच तेथे केला जातो. आपल्या ‘चमचा’मधला दंत्य ‘च’सुद्धा तेथे जसाच्या तसा आहे. म्हणून मी देवनागरीतच उच्चार देणार आहे. मात्र या भाषेत सहा स्वरपातळ्या आहेत आणि त्या देवनागरीत दाखवता येत नाहीत, ही उणीव राहणारच.

आता ‘ती’कडे वळू. आपल्या सर्वनामाशी त्याचा काही संबंध नाही. हा या भाषेतला अल्पत्वाचा सर्वांत कष्टाळू शब्द आहे. ‘यत ती’ म्हणजे थोडेसे, काही. ‘याम ती सेउइ’ म्हणजे थोडे पाणी पी. हाच शब्द विशेषणामागे आला की तुलना दाखवतो. ‘फाइ’ म्हणजे जलद आणि ‘फाइ ती’ म्हणजे आणखी जलद, किंवा घाई कर. ‘फेंग’ म्हणजे स्वस्त आणि ‘फेंग ती ला’ म्हणजे जरा कमी करा ना. आपणही भाव करताना ‘जरा’ म्हणतो, आणि त्या ‘जरा’ने रक्कम किती उतरावी हे ठरत नाही. आपण भांडायला आलेलो नाही, एवढेच त्यातून समोरच्याला कळते. ‘ती’ हेच काम करतो.

विशेषणाच्या आधी ‘याउ ती’ आले तर अर्थ होतो ‘जरासे’. पण ते कुठल्याही विशेषणाला लागत नाही. जरा महाग, जरा दमलेला, जरा थंड अशा नकोशा गोष्टींसाठी ‘याउ ती’ सहज येते. स्वस्त, सुंदर, चविष्ट यांच्याआधी ते कानाला खटकते. तेथे ‘केइ’ येतो : ‘केइ होउ’ म्हणजे बऱ्यापैकी चांगले. नव्या भाडेकरूने घराला ‘याउ ती’ लावून काही म्हटले, तर पुढचे विशेषण ऐकण्याआधीच घरमालकाला तक्रारीची चाहूल लागते. मराठीतही ‘जरा महागच आहे’ आणि ‘बऱ्यापैकी स्वस्त आहे’ अशी वाटणी आपण नकळत करतो. आपल्याकडे ती सवय आहे. कँटोनीजमध्ये ती जवळजवळ नियम झाली आहे.

‘ती’पासून बनलेला एक शब्दप्रयोग मला फार प्रिय आहे. ‘तो’ म्हणजे पुष्कळ आणि ‘कम तो’ म्हणजे इतके पुष्कळ. पण अगदी कणभर, नखाएवढे असे सांगायचे असेल तेव्हा ‘ती कम तेउ’ म्हणतात. यातला ‘तेउ’ हा मूळचा ‘तो’च आहे. ओठ गोल ठेवून जीभ पुढे सरकवली की ‘ओ’चा एक बारीक, निमुळता स्वर होतो. तो मराठीत नाही, म्हणून मी ‘तेउ’ असे जवळचे लिहिले आहे. पुष्कळ या अर्थाचा शब्द तोंड आवळून म्हटला की तोच थेंबभर होतो. मराठीत ‘एवढे’चे ‘एवढेसे’ आणि लाडाने ‘एवढुसे’ होते, तसेच हे आहे. ‘एवढे’ मोठेही असू शकते, पण ‘एवढुसे’ मोठे असूच शकत नाही. आजी बाळाला औषध पाजताना अंगठ्याचे टोक तर्जनीच्या नखावर टेकवते आणि ‘ती कम तेउ’ म्हणते, तेव्हा स्वर, ओठ आणि बोटे तिन्ही एकाच वेळी लहान होतात.

रंग आणि चवी यांच्याबाबतीतही अल्पत्व असेच उच्चारात शिरते. ‘हुंग’ म्हणजे लाल. तो दोनदा म्हणायचा, दुसऱ्या वेळी स्वर वर चढवायचा आणि शेवटी ‘तेइ’ जोडायचे : ‘हुंग हुंग तेइ’, म्हणजे लालसर. ‘थिम थिम तेइ’ म्हणजे गोडसर. मराठीचा ‘सर’ प्रत्यय मागे चिकटतो आणि शब्द आहे तसा राहतो, तर इकडे शब्दाचाच सूर वाकवला जातो. थोडेपणा कानाने ओळखायचा असल्यामुळे परक्याला तो उशिरा कळतो. मला लालसर आणि लाल यांतला फरक ऐकू येऊ लागायला कित्येक महिने लागले.

आता संख्या. येथे दिशेचा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो.

‘केइ’चा उल्लेख आत्ताच आला. हा मुळात प्रश्नाचा शब्द आहे, आपल्या ‘किती’सारखा. आपण ‘किती तरी’ म्हणून प्रश्नाचीच संख्या करतो, तसा ‘केइ’सुद्धा प्रश्न सोडून ‘काही’ या अर्थाने बसतो. ‘सप’ म्हणजे दहा. ‘सप केइ’ म्हणजे दहाच्या वर आणि विसाच्या आत काहीही. ‘केइ सप’ म्हणजे काही दहा, आपल्या भाषेत वीस-तीस, चाळीस-पन्नास. दोनच शब्द, पण जागा बदलली की अर्थ कुठल्या कुठे जातो. ‘साम केइ को’ हा प्रयोग तर खास कँटोनीज (यातला ‘को’ हा मोजताना लावायचा शब्द, आपल्या ‘नग’ किंवा ‘जण’सारखा) : तीन-काही, म्हणजे तीन किंवा त्याच्या आसपास, दोन-चार या आपल्या मोकळ्या अर्थाने.

‘लेंग’ हा दुसरा शब्द. ‘पाक’ म्हणजे शंभर. ‘पाक केइ’ म्हटले तर एकशे दहापासून एकशे नव्वदपर्यंत काहीही असू शकते. ‘पाक लेंग’ म्हटले तर आकडा शंभराला लागूनच आहे, जरासा पुढे. मराठीत ‘शंभरेक’ म्हटले की आकडा शंभराच्या अलीकडेही असू शकतो, पलीकडेही. ‘पाक लेंग’ला तेवढी मोकळीक नाही. तो आपल्या ‘शे-सव्वाशे’च्या अधिक जवळ बसतो. दोन्ही बाजूंना वाव ठेवायचा असेल तर कँटोनीज माणूस आकड्यामागे ‘चो याउ’ जोडतो, म्हणजे शब्दशः डावे-उजवे. माणसाच्या वयासाठी ‘सेउंग हा’ म्हणजे वर-खाली असेही म्हणतात. आकडा मध्ये उभा आहे आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला जागा आहे, हे चित्र त्या शब्दातच आहे.

येथे एक प्रसंग सांगते. एका दुकानात मी सुती कापडाचा तुकडा पाहत होते. दुकानदार म्हणाले, ‘‘पाक ंग.’’ ‘ंग’ म्हणजे पाच, आणि हा शब्द केवळ नाकातून येणारा आहे. मी शंभराची नोट आणि पाच डॉलरचे नाणे पुढे केले. ते सभ्यपणे थांबले, त्यांनी गणकयंत्र उचलले आणि त्यावर 150 हा आकडा दाखवला. बोलताना सुरुवातीचा ‘एक’ गाळला जातो आणि शेवटचा अंक त्याच्या लगतच्या खालच्या स्थानाचा मानला जातो, म्हणून ‘शंभर-पाच’ म्हणजे दीडशे. एकशे पाच म्हणायचे असते तर मध्ये शून्याचा ‘लिंग’ उच्चारावाच लागतो. ज्या भाषेत दीड आणि अडीच हे स्वतंत्र शब्द आहेत त्या भाषेतून मी आले होते. मलाच हे आधी सुचायला हवे होते असे नंतर वाटले. ‘एक’ गाळण्याची ही पद्धत एकदा उमगली की बाकीचे सोपे होते. ‘को पुन चुंग’ म्हणजे दीड तास, ‘को केइ चुंग’ म्हणजे तासाच्या वर, पण दोन तासांच्या आत, आणि ‘निन केइ’ म्हणजे वर्षाहून काही महिने जास्त.

दोन आकडे जोडून अंदाज सांगण्याची रीत दोन्ही भाषांत आहे. लगतचे आकडे दोन्हीकडे चढत्या क्रमाने येतात : आपले दोन-तीन, त्यांचे ‘लेउंग साम’. मात्र आकडे लगतचे नसले की वाटा वेगळ्या होतात. आपण ‘आठ-दहा दिवस’ म्हणतो. ते ‘सप यत पात यत’ म्हणतात, म्हणजे दहा दिवस आठ दिवस. आपण ‘अर्धा-एक तास’ म्हणतो. ते ‘यत को पुन को’ म्हणतात, म्हणजे एक किंवा अर्धा. मराठी मन लहानाकडून मोठ्याकडे चढते आणि हा प्रयोग मोठ्याकडून लहानाकडे उतरतो. यावरून कोणाच्या स्वभावाचा निष्कर्ष काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. भाषेची ही वहिवाट आहे. परंतु शिकणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की आपल्या क्रमाने ‘आठ दिवस दहा दिवस’ म्हटले, तर ऐकणारा क्षणभर थबकतो.

आकडा तोच ठेवून तो थोडा आहे की पुष्कळ हे सांगण्याची सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दहा माणसे आली. कमी वाटली तर ‘तक सप को’, पुष्कळ वाटली तर ‘सेंग सप को’. पहिल्यातला ‘तक’ म्हणजे फक्त, दुसऱ्यातला ‘सेंग’ म्हणजे तब्बल. शिवाय कमीपणा ठसवायचा असेल तर वाक्याच्या शेवटी ‘चा’ येतो : ‘तक सप को चा’, दहाच आली हो. आपल्या ‘दहाच’मधला ‘च’ आणि त्यांचा हा ‘चा’ यांचे ध्वनी आणि काम इतके जुळावे, हा निव्वळ योगायोग आहे. दोन्ही भाषांचे नाते नाही. पण हा ‘चा’ मला मराठीमुळे एका दिवसात आला, हे कृतज्ञतेने नोंदवते.

वेळेच्या बाबतीत या भाषेने एक स्वतंत्र लहान माप करून ठेवले आहे. ‘ची’ म्हणजे अक्षर. घड्याळाच्या तबकडीवर बारा आकडे असतात. काटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर गेला की ‘एक अक्षर’ झाले, म्हणजे पाच मिनिटे. ‘लेउंग को ची’ म्हणजे दहा मिनिटे. ‘साम तिम साम’ म्हणजे तीन वाजून तीन अक्षरे, सव्वातीन. ही बांधकामावरच्या मजुरांच्या दुपारच्या चहाची वेळ आहे आणि तेवढ्या तीन शब्दांत चहाही आला असे समजतात. रोजच्या बोलण्यात तीन वाजून सात मिनिटे असे कोणी म्हणत नाही. एक अक्षर झाले किंवा दोन झाली. त्यामुळे ‘मला एक अक्षर द्या’ म्हणणारा माणूस पाच मिनिटांत येईलच असे नाही, पण आपण एका छोट्या, ओळखीच्या घराएवढा वेळ मागतो आहोत हे तो सांगतो. त्याहून सैल मागणे ‘तंग चन’, म्हणजे थांब जरा. त्या ‘चन’ला तबकडीवर जागा नाही. दवाखान्यात किंवा कचेरीत ‘तंग चन’ ऐकू आले तर पुस्तक उघडून बसावे. ‘अक्षर’ ऐकू आले तर उभे राहिले तरी चालते.

वजनाकडे परत येते, कारण बाजारातले ‘थोडे’ वजनाशिवाय पुरे होत नाही. हाँगकाँगच्या कायद्यात एक कन म्हणजे 604.79 ग्रॅमच्या आसपास, आणि त्याचे सोळा ‘लेउंग’, प्रत्येकी सुमारे 37.8 ग्रॅमचे. चीनच्या मुख्य भूमीवर मात्र हेच माप 500 ग्रॅमचे आणि दहा भागांचे करण्यात आले. आपल्या जुन्या शेराचे सोळा छटाक आठवणाऱ्यांना हाँगकाँगचा हिशेब घरचा वाटेल. ‘पुन कन, पात लेउंग’, म्हणजे अर्धा कन आणि आठ लेउंग, ही म्हण दोन सारख्या माणसांविषयी वापरतात, आणि ती दहाच्या मापात लागूच पडत नाही, सोळाच्या मापातच पडते. सुके मासे, चहा आणि औषधी वनस्पती आजही लेउंगने मागितल्या जातात. मग ‘दोन लेउंग’ म्हटले की विक्रेता मूठ भरतो, तराजूत टाकतो आणि काट्याकडे पाहून ‘सुंग ती’ म्हणतो. फार वेळा ‘सुंग’च म्हणतो, कारण काटा अलीकडे थांबला तर तो बोलण्याआधी आणखी चिमूटभर टाकतो. हिरव्या भाजीबरोबर दोन कांद्याच्या पाती तशाच टाकण्याची पद्धत आहे. त्यांचे वजन होत नाही.

चहाच्या दुकानांत, ज्यांना ‘छा छान थेंग’ म्हणतात, हीच भाषा आणखी आखूड होते. ‘सिउ’ म्हणजे कमी, ‘थिम’ म्हणजे गोड : ‘सिउ थिम’, साखर कमी. ‘चाउ’ म्हणजे निघून जाणे : ‘चाउ पिंग’, बर्फ नको. काळ्या, बिनसाखरेच्या कॉफीला ‘फेइ सा चाउ नाइ’ म्हणतात. वाळू उडून जावी, दूध निघून जावे, असा त्याचा अर्थ. वाळू म्हणजे साखर. येथे कमी आणि शून्य यांत स्पष्ट भेद आहे. ‘सिउ’ने प्रमाण उतरते, ‘चाउ’ने वस्तूच जाते. मात्र ‘सिउ’ने किती उतरते हे दुकानदाराच्या हातावर असते, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाचा ‘सिउ’ त्याला पाठ असतो.

‘सिउ’ दोनदा म्हटला की ‘सिउ सिउ’ होतो, आपला ‘थोडे थोडे’. कँटोनीज येते का असे कोणी विचारले, तर ‘सिक सिउ सिउ’, म्हणजे थोडेसे येते, हे उत्तर द्यावे. चांगले बोलणारे परदेशीही हेच म्हणतात. तेथे ही संख्या राहत नाही, तो विनय होतो, आणि विचारणारा तसाच समजून घेतो.

अखेरचा शब्द जेवणाच्या टेबलाचा आहे. आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी नववर्षाला आम्हाला घरी बोलावले होते. वाफवलेला मासा आला, भाज्या आल्या, आणि माझे पोट भरलेले असताना त्यांनी तळणीतला एक केक, मुळ्याच्या किसाचा, माझ्या वाटीत ठेवला. मी नको म्हटले. त्यांनी चॉपस्टिक तशाच वर धरून म्हटले, ‘‘सिउ सिउ, हाइ कम यी.’’ ‘हाइ कम यी’चा अर्थ, तेवढा भाव पोहोचावा इतकेच. आपल्याकडे ‘नावाला घ्या’, ‘तोंडाला लावा’ म्हणतात, ते हेच. किती खाल्ले हे येथे मोजायचेच नसते. काही खाल्ले एवढे पुरते. मी अर्धा तुकडा तोडला. बाईंनी उरलेला अर्धा उचलला, स्वतःच्या वाटीत ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘‘ती कम तेउ चा.’’ म्हणजे, एवढुसेच घेतलेस ना.